ओल बघून पेर

उभा राहा. मान वर कर. बोलणी खायला आलास ना, तर माझ्याकडे बघून खा.

काल रात्री तुमची टोळी तिसऱ्यांदा गारद झाली, तेव्हा मी तुझ्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. तुला वाटलं, मास्तर संगणक बंद करायला आले. तसं असतं तर पहिल्याच रात्री बंद केला असता. मी तीन रात्री बसलो. तुझी वही मागून घेतली. त्यातला एकेक आकडा तपासला. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसापुढे तू आकडे मांडलेस, तेव्हा आता त्यांचा हिशेब ऐकून घ्यावा लागेल.

खेळतोस म्हणून मी रागावलेलो नाही. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत पहाटेपर्यंत झाडीपट्टीचं नाटक बघणाऱ्या मुलखात मी वाढलो आहे. सोंग घेणं आणि ते रात्रभर निभावणं याला मी हलकं काम मानत नाही. तू सोंग घेतलंस आणि निभावलं नाहीस, म्हणून मी रागावलो आहे. तुझ्या चुकीची किंमत तीन मित्रांनी मोजली. आणि तू काय म्हणालास? "सर, गेमच बेकार आहे." ते वाक्य ऐकलं तेव्हाच ठरवलं, याचे कान उघडायलाच हवेत.

आधी खेळ काय म्हणतो ते तुझ्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. चुकलो तर तिथंच थांबव.

गिल्ड वॉर्स २००५ साली निघाला. तो महिन्याची वर्गणी मागत नाही आणि जुन्या संगणकावरही चालतो, म्हणून तर अर्जुनी मोरगावकडच्या खेड्यात, चुलतभावाने टाकून दिलेल्या डब्यावर तो तुम्हाला खेळता येतो. सुरुवातीला सहा पेशे होते: वॉरियर, रेंजर, मंक, नेक्रोमॅन्सर, मेस्मर आणि इलेमेंटलिस्ट. पहिला पेशा पात्र जन्माला घालतानाच निवडायचा, आणि तो कधीच बदलता येत नाही. थोडं पुढं गेल्यावर दुसरा पेशा जोडायचा. हा दुसरा मात्र पुढं एका टप्प्यानंतर हवा तेव्हा बदलता येतो. विसावी पातळी ही शेवटची. तिथं पोचून, वाटेतली दोन कामं पुरी केलीस की हातात एकूण २०० गुण असतात. दोन्ही पेशांची मिळून शेकडो कौशल्यं शिकता येतात. पण गाव सोडून बाहेर पडताना आठच सोबत नेता येतात. आठ म्हणजे आठ. नववं मिळत नाही.

बरोबर? मग आता तुझं बघू.

तू मंक घेतलास. मंक म्हणजे जखमा भरणारा, सोबत्यांना जगवणारा. तो कोणी जबरदस्तीने दिला नव्हता. चौघांत हे काम कोण करणार असं विचारलं, तेव्हा तूच हात वर केलास. तिघांनी तुझ्या भरवशावर आपापले पेशे घेतले. एक वॉरियर होऊन पुढं उभा राहिला. एक रेंजर झाला. एक इलेमेंटलिस्ट होऊन आग पाडायला मागं थांबला. त्या तिघांचा जीव तुझ्या बोटांवर आहे, हे पहिलं ध्यानात घे.

मग दुसरा पेशा तू वॉरियर का घेतलास? मी परवा विचारलं. तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे: "तलवार भारी दिसते सर."

तुझ्या आजाने बैल घेताना असं उत्तर दिलं असतं, तर तुमच्या घरी आज धानाची एक बांधी उरली नसती.

वही उघड. तुझ्या अक्षरात लिहिलं आहे: हीलिंग आठ, प्रोटेक्शन आठ, डिव्हाइन फेव्हर आठ, तलवार दहा, टॅक्टिक्स सात. पाच ठिकाणी गुण वाटलेस, जसे पंगतीत लाडू वाढतात तसे, कोणी नाराज होऊ नये म्हणून. आता पायऱ्यांचा दर बघ. पहिली पायरी एका गुणाची. सातवीपर्यंत पोचायला २८ लागतात, आठवीपर्यंत ३७, दहावीपर्यंत ६१, बारावीपर्यंत ९७. अकरावीवरून बारावीवर चढायलाच २० गुण मोजावे लागतात. म्हणजे खेळ रचणाऱ्याने स्पष्ट सांगून ठेवलं आहे की, थोडंथोडं सगळ्यांत शिकणं स्वस्त आहे, एकात तयार होणं महाग आहे, आणि जो तयार होईल त्याच्यावरच बाकीचे विसंबतील.

तुझी बेरीज मी केली. तीन आठांचे १११. तलवारीचे ६१. टॅक्टिक्सचे २८. एकूण २००. एकही गुण वाया गेला नाही, असं तू अभिमानाने म्हणालास. बेरीज बरोबर आहे, बाबू. वाटप चुकलं आहे. २०० पैकी ८९ गुण तू अशा कामावर घातलेस, जे काम तुझ्याहून चांगलं करणारा माणूस तुझ्या दहा पावलं पुढं उभा होता. तेच २०० गुण नीट लावले असते तर दोन गोष्टींत बाराव्या पायरीवर पोचला असतास, १९४ गुणांत, आणि उरलेल्या सहांत तिसरीच्या तीन पायऱ्या. तीन गोष्टी हव्या असतील तर बारा, दहा आणि आठ हेही १९५ गुणांत बसतं. मी हे काल रात्री कागदावर मांडलं. अर्धा तास लागला. तू चार महिने खेळतो आहेस.

पुढं ऐक. प्रत्येक पेशाची एक विद्या अशी असते, जी फक्त पहिला पेशा असणाऱ्यालाच मिळते. घरच्या लेकराला मिळतं, पाहुण्याला मिळत नाही. मंकची ती विद्या डिव्हाइन फेव्हर: सोबत्यावर मंकचा मंत्र टाकलास की दर पायरीमागे तीनहून थोडं जास्त आयुष्य त्याला वरून मिळतं, प्रत्येक मंत्राला, फुकट. हा तुझा हक्काचा ठेवा होता. तो तू आठावर ठेवलास आणि तलवार दहावर नेलीस. उलट वॉरियरची घरची विद्या म्हणजे स्ट्रेंग्थ. ती तुला कधीच मिळणार नाही, कितीही तलवार फिरव. स्वतःच्या घरचा धान विकून दुसऱ्याच्या घरी मजुरीला गेलास तू.

आणि चिलखत? दुसरा पेशा कोणताही घे, अंगावर कपडे पहिल्याच पेशाचे राहतात. तुझ्या मंकच्या झग्याचं मोल ६०. वॉरियरच्या चिलखताचं ८०, आणि तलवार, कुऱ्हाड, बाण असल्या घावांसाठी आणखी २०. या खेळात ४० चा फरक म्हणजे बसणारा मार दुप्पट. म्हणजे जो घाव तुझ्या मित्राने ५० ला सोसला असता, तो तू १०० ला सोसलास. झगा घालून तू आघाडीला गेलास, पहिल्या अर्ध्या मिनिटात पडलास, आणि जखमा भरणारा पडल्यावर उरलेले तिघे किती वेळ टिकतील? एकदा मेल्यावर आयुष्य आणि ऊर्जा १५ टक्क्यांनी उणी होते. चारदा मेल्यावर ६० टक्के उणी. काल शेवटी तुम्ही अर्ध्याहून कमी जिवावर लढत होता. त्याला खेळ जबाबदार नव्हता.

आता सांग, तुला उठवलं कोणी? आठव. इलेमेंटलिस्ट झालेल्या त्या पोराने. शांत पोरगा आहे, वर्गातही शेवटच्या बाकावर बसतो. त्याचा दुसरा पेशा काय? मंक. त्याने त्या दुसऱ्या पेशावर एकही गुण घातलेला नाही. आठातली एक जागा मात्र मेलेल्या सोबत्याला उठवणाऱ्या मंत्रासाठी राखून ठेवली आहे. तो मंत्र गुण मागत नाही, फक्त जागा मागतो. बाकी सात जागा आणि सगळे गुण त्याने आपल्या आगीत घातले. त्याची आग लागली की समोरचे कोसळतात, आणि सोबती पडला की तो त्याच्याजवळ थांबतो. दुसरा पेशा निवडणं म्हणजे काय, हे त्याला कळलं आहे. त्याने मला कधी काही समजावलं नाही. मी त्याचं बघून शिकलो. तू त्याच्या शेजारी बसून शिकला नाहीस.

मंकला दुसरा पेशा नको, असं मी म्हणत नाही. पण आधी विचार, मंकला कमी काय पडतं. तुझ्याच खेळात मी तीन रात्री बघितलं: तुझी ऊर्जा संपते. मंत्र येत असतो आणि टाकता येत नाही. हाताशी औषध आहे, पण हात उचलत नाही. मग ऊर्जेचा उपाय कुठं आहे ते शोध. इलेमेंटलिस्टकडे ग्लिफ ऑफ लेसर एनर्जी आहे: आधी तो लावलास की पुढच्या दोन मंत्रांचा खर्च उतरतो, आणि त्याचा मूळ फायदा एकही गुण न घालता मिळतो. मेस्मरकडे समोरच्याची ऊर्जा ओढून घेण्याच्या युक्त्या आहेत. त्यांना थोडे गुण लागतात. वॉरियरकडूनसुद्धा घेण्यासारखं आहे. मंत्र म्हणताना कोणी धक्का मारून पाडू नये म्हणून घ्यायचा एखादा पवित्रा घेतला असतास, तर मी पाठ थोपटली असती. तू वॉरियरकडून काय आणलंस? त्याची मिरवणूक.

दुसऱ्या खेळांतही हेच सापडेल. जपान्यांनी २००२ साली काढलेल्या फायनल फँटसी ११ मध्ये तर मुळात नियमच लिहून ठेवला होता: जोडीचं काम मुख्य कामाच्या निम्म्या पातळीवरच चालेल. मुख्य ७५ वर असेल तर जोडीचं ३७ वर. दुसऱ्याला पहिल्याच्या डोक्यावर बसू द्यायचं नाही, ही समज त्यांनी यंत्रात घालून ठेवली. गिल्ड वॉर्सने ती खेळणाऱ्यावर सोडली. ज्याच्यावर सोडली, तो तू.

पण ही समज शिकायला जपानला जायची गरज नव्हती. बांधावर उभा राहिला असतास तरी पुरलं असतं.

कार्तिकात तुमच्या बांधीत धान उभा असतो. कापणी अजून व्हायची असते. तेव्हाच तुझे बाबा त्या उभ्या धानात लाखोळी फेकतात, कधी जवस फेकतात. नांगर नाही, वखर नाही. याला आपण उतेरा म्हणतो. धान कापून जातो आणि खाली लाखोळी उगवून वर आलेली असते. तिला वेगळं पाणी देत नाहीत. धानाने मागं ठेवलेल्या ओलीवर ती थंडीभर जगते. हे दुसरं पीक. ते निवडताना तुझे बाबा काय बघतात, हे कधी विचारलंस? ते आधी माती बघतात. काळी कन्हार असेल तर ओल धरून ठेवते, उतेरा येतो. बरड असेल तर पाणी ओसरलं की दाणा करपतो. तिथं ते बी वाया घालवत नाहीत. धान हलका आहे की भारी, कधी निसवला, कधी कापायचा, ते बघतात. बांधीतलं पाणी कधी सोडायचं ते ठरवतात. लवकर फेकलं तर बी सडेल, उशिरा फेकलं तर ओल निघून जाईल. एवढं सगळं बघून, मग मुठीतून बी सुटतं. आणि आजवर उतेऱ्याची लाखोळी मोठी यावी म्हणून धान अर्धा रोवणारा शेतकरी मी गोंदिया जिल्ह्यात पाहिला नाही.

तू तेच केलंस. धान अर्धा रोवलास. त्यात लाखोळी फेकलीस ती बरड जमिनीत. आणि वर म्हणतोस, शेतच बेकार आहे.

आणखी एक माणूस तुला दाखवतो. नवेगाव बांधच्या तलावाकडे सहलीला जाता, काठावर फोटो काढता. तिथल्या जंगलात मारुती चितमपल्ली वन अधिकारी होते. जन्म १९३२ सालचा, सोलापूरचा. पहिला पेशा वनखात्याचा. तो त्यांनी निवृत्तीपर्यंत पुरा निभावला: जंगल पायी तुडवलं, पक्षी बघितले, जे दिसलं ते रोज लिहून ठेवलं, गोंड आणि ढीवर माणसांजवळ बसून झाडांची, माशांची, पाखरांची नावं विचारली. दुसरा पेशा लेखकाचा. तो कुठून उगवला? त्याच ओलीतून. वन अधिकाऱ्याची वही भरत गेली, तिच्यातून पुस्तकं आली. नवेगावच्या दिवसांवर त्यांचं एक अख्खं पुस्तक आहे. संस्कृत शिकले ते मिरवायला नव्हे. पशुपक्ष्यांवरच्या जुन्या ग्रंथांपर्यंत पोचायला त्याची गरज होती. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, हे शब्द मराठी वाचकाला त्यांच्यामुळे मिळाले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. जंगल सोडून लेखक व्हायला ते शहरात पळाले असते, तर सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काय असतं? त्यांचा दुसरा पेशा पहिल्याला खाऊन मोठा झाला नाही. पहिला खोल गेला, म्हणून दुसऱ्याला पाणी लागलं.

आता तुझ्या सबबी. तीन दिल्या होत्यास, तिन्ही घेतो.

पहिली: "कंटाळा आला होता सर, नुसतं बरं करत बसायचा." झाडीपट्टीच्या रंगमंचावर परशुराम खुणे यांनी विनोदी भूमिका करत ५००० हून जास्त प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इतक्या रात्री लोकांना हसवताना त्यांना कंटाळा आलाच नसेल? पण लोक बैलगाड्या करून, ट्रॅक्टर करून ज्या माणसासाठी आले आहेत, त्या माणसाने ऐन प्रवेशात नायकाची तलवार उचलली तर नाटक उभं राहत नाही. कंटाळा आला तर तुझ्या कामात खोल जा. कोण जखमी होणार आहे, ते जखम होण्याआधी ओळखायला शीक. प्रोटेक्शनचे मंत्र त्यासाठीच आहेत. ते जमलं की कंटाळ्याला वेळ उरणार नाही.

दुसरी: "दुसऱ्या गावच्या पोराचा मंक तलवार घेऊनच फिरतो." फिरू दे. त्याच्या टोळीत आणखी दोन मंक आहेत, हे तूच वहीत लिहिलं आहेस. दुसऱ्याच्या बांधीतला उतेरा बघून आपल्या बांधीत बी फेकायचं नसतं. त्याची माती वेगळी, त्याची ओल वेगळी.

तिसरी: "दुसरा पेशा बदलता येतो ना सर, मग चुकला तर काय बिघडलं?" ही सबब मला सगळ्यांत जास्त झोंबली. बदलता येतो म्हणून गेल्या चार आठवड्यांत तू चार वेळा बदललास. नेक्रोमॅन्सर, रेंजर, मेस्मर, आता वॉरियर. दर वेळी नवी कौशल्यं विकत घेण्यात सोनं गेलं, नवी शिकण्यात रात्री गेल्या, आणि पहिला पेशा जिथं होता तिथंच राहिला. बदलायची मुभा चूक सुधारण्यासाठी दिली आहे. तू तिचा उपयोग चूक न बघण्यासाठी केलास. प्रत्येक वेळी हरलास की दुसरा पेशा बदललास, कारण पहिल्याकडे बघायची तुझी हिंमत नव्हती.

आणि ही खोड खेळापुरती आहे, असं मला सांगू नकोस. गेल्या वर्षी भजनी मंडळात तबल्याला बसलास. ठेका पक्का व्हायच्या आधी पेटी मागितलीस. आता दोन्ही तुझ्याविना वाजतात. दहावीला भूमिती कच्ची होती तेव्हा तू मला संगणकाच्या शिकवणीचं विचारत आलास. मी तेव्हा गप्प बसलो. ते माझं चुकलं. आज गप्प बसणार नाही, कारण तुझ्यात काही नसतं तर मी तीन रात्री त्या डासांत बसलो नसतो. परवा रात्री एकदा, एकदाच, तू तलवार विसरलास आणि मागं थांबलास. तुझा वॉरियर मित्र चार जणांच्या गराड्यात होता. तू सलग चार मंत्र टाकलेस, योग्य वेळी, योग्य माणसावर. तो वाचला, टोळी वाचली. त्या वेळी तुझा चेहरा मी बाजूने पाहिला. तुला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तुला दुसरं काही हवंही नव्हतं. तो मंक मला परत हवा आहे.

आता काम सांगतो. लिहून घे.

आज संगणकाला हात लावायचा नाही. कोरा कागद घ्यायचा. पहिल्या ओळीत लिहायचं, माझा पहिला पेशा काय करतो. दुसऱ्या ओळीत, तो करताना मला कमी काय पडतं. काल रात्रीच्या तीन हारी आठवून लिही, अंदाजाने लिहू नकोस. तिसऱ्या ओळीत, सोबतच्या तिघांजवळ काय आहे आणि त्यांना काय कमी पडतं. त्यासाठी तिघांच्या घरी जाऊन विचारावं लागेल, आणि गेल्यावर आधी माफी मागावी लागेल. मग आठ चौकोन काढायचे. प्रत्येकात एक कौशल्य आणि त्यासमोर एका वाक्यात कारण. कारणात "भारी दिसतं" असं लिहिलंस तर कागद फाडून परत देईन. शेवटी २०० गुणांची वाटणी, पायरीपायरीच्या दरासह, बेरजेसकट. दुसऱ्या पेशाचं नाव सगळ्यात खाली लिहायचं, वरचं सगळं लिहून झाल्यावर. तोपर्यंत ते तुला ठाऊक नाही असंच समजायचं.

गुरुवारी संध्याकाळी कागद माझ्या टेबलावर पाहिजे. मी तपासेन. बरोबर असेल तर त्या रात्री मी पुन्हा खुर्ची टाकून तुझ्या मागे बसेन, आणि तुमची टोळी पार होईपर्यंत उठणार नाही.

आणि घरी जाताना बांधावरून जा. बाबा असतील तर थांब. पायातली चप्पल काढ, बांधीत उतर, माती हातात घेऊन दाब. ओल आहे का ते त्यांना विचारू नकोस. आधी तू सांग, मग ते बरोबर की चूक सांगतील.

जा.